रिकाम्या हातांची आर्लिस

१२ जानेवारी, रविवार

आज चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना मी चमचा कपावर वाजवला, आणि तोंडातून निघून गेलं. आता ते मागे घेता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर घ्यायचंही नाही. पोटात अशी काही गुदगुली चालली आहे की बावन्न वर्षांच्या बाईला ती शोभू नये.

जाहीर केलं ते असं: नऊ मार्चला, आईच्या वाढदिवशी, इथेच तिच्या आठवणीचं जेवण होईल आणि त्याला शंभर हॉटडिश असतील. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात एका छपराखाली शंभर हॉटडिश कुणी पाहिलेल्या नाहीत. एकीत खिमा, दुसरीत टूना, तिसरीत नाताळात उरलेली टर्की. सगळ्यांत डब्यातलं मशरूमचं सूप, वर घरात जे कुरकुरीत सापडेल ते, आणि सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. आमच्याकडे माणूस जन्मला, लग्नाला उभा राहिला, आजारी पडला की मेला, हे दारात आलेल्या पदार्थावरून ओळखता येत नाही. काचेच्या ट्रेमधून येते ती हॉटडिशच. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या चर्चचे कॅथलिक उपासाच्या शुक्रवारी मासे तळून जी ऐट मिरवतात ती यंदा उतरवायची.

लोकांनी घोषणा फार उत्साहाने घेतली. चौघं जण "वाईट नाही" म्हणाले. आमच्या गावात यापुढची पायरी नाही. माझ्या लग्नात नवऱ्यामुलाकडे बघून एकच जण "वाईट नाही" म्हणाला होता, आणि तोही चुकला.

फक्त बर्नडीन तसं म्हणाली नाही. तळघरातलं स्वयंपाकघर गेली तीस वर्षं तिच्या ताब्यात आहे. देवालासुद्धा तिथे यायचं तर पाय पुसून यावं लागेल. तिने कप विसळला, पालथा घातला आणि विचारलं, "एवढ्या खाणार कोण, मारिट?"

खाणार कोण, हा मुद्दाच नाही. मुद्दा आईच्या नावाचा आहे, आणि ते नाव खराब करणारी हीच बर्नडीन.

ऑक्टोबरात आईच्या अंत्यविधीनंतर याच तळघरात जेवण होतं. मी बटाट्याच्या सॅलडच्या रांगेत होते. पुढे बर्नडीन वाढत होती, आणि शेजारणीला म्हणाली, "आर्लिस रिकाम्या हातांनी जायची आणि भरल्या हातांनी यायची." एवढं बोलून तिने रुमालात नाक शिंकरलं. सर्दीही नेमकी तेव्हाच व्हायची होती तिला. पुढच्या-मागच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या.

ती कशाबद्दल बोलत होती ते मला पक्कं ठाऊक आहे. गावात कुणाला कॅन्सर झाला की आई त्या घरी जायची. आठवड्यातून दोनदा, महिनोन्‌महिने. कुणी बरं होईपर्यंत, नाहीतर कुणी जाईपर्यंत. हे सगळे मान्य करतात. पण सगळं गाव आजाऱ्याच्या दारी काही ना काही घेऊन जायचं, आणि माझी आई हात हलवत जायची. येताना मात्र तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर झाकलेले ट्रे असायचे. लहानपणी आमच्याकडे रात्रीचं जेवण कुणाच्या घरचं आहे ते भांडं उलटं केल्यावर कळायचं. खाली चिकटपट्टीवर आडनाव असायचं. एकदा माझी मैत्रीण जेवायला आली आणि म्हणाली, "अय्या, हा तर आमचा ट्रे." मी जमिनीत गडप व्हायची बाकी राहिले. आईने तिला आणखी वाढलं.

तिने ते का केलं असेल? सुगरण नव्हती, हे एक. टंचाईत वाढलेली, अन्न दिसलं की सोडवायचं नाही, हे दुसरं. मी तिला माफ केलं आहे. गावाने केलेलं नाही. म्हणून शंभर हॉटडिश. तिने आयुष्यभर जेवढं उचललं तेवढं एका दिवसात परत.

१९ जानेवारी, रविवार

योजनेला पाय फुटले आहेत आणि ती आता माझ्या पुढे पळते आहे.

जोलीनला कॅन्सर निघाला. वाईटच बातमी, शाळेत आम्ही एका बाकावर होतो, ऐकून माझे हात गार पडले. पण हात गरम झाल्याबरोबर लक्षात आलं की आईला खरी आदरांजली शंभर ट्रे मांडून नव्हे, ते योग्य दारी पोचवून होईल. नऊ मार्चपर्यंत रोज एका घरातून जोलीनकडे एक हॉटडिश, आर्लिसच्या नावाने. पास्टरने प्रार्थनेत सांगितलं, आणि कॉफी संपायच्या आत सगळे दिवस भरले.

जोलीनला लगेच फोन केला. आता आमच्याकडची रीत अशी की कुणी काही देऊ केलं तर तीनदा नको म्हणायचं आणि मग "बरं, तुम्ही करणारच असाल तर" म्हणून घ्यायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस कुठून तरी बाहेरून आलेला असतो.

"रोज एक हॉटडिश येईल तुझ्याकडे," मी म्हटलं.

"नको गं, कशाला उगाच."

"उगाच कसलं?"

"खरंच नको, मारिट."

"आईच्या नावाने आहे."

"नको."

झाली तीन. मी "बरं, तुम्ही करणारच असाल तर"ची वाट बघत थांबले. ती म्हणाली, "मारिट, नको ना."

चौथं! इतक्या वळणाची बाई मी दुसरी पाहिलेली नाही. मी म्हटलं, "मंगळवारी पहिली माझी," आणि तिला आणखी संकोच नको म्हणून फोन ठेवून दिला.

२१ जानेवारी, मंगळवार

टूना, नूडल्स, वर चुरलेले वेफर्स. रंग असा आला होता की फोटो काढला.

दार जोलीनच्या नवऱ्याने, कर्टने उघडलं. जाड कोट, कानटोपी, जसा काही बाहेरच निघाला होता. मी दिसल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला, आणि मग त्याची नजर माझ्या हातांकडे गेली. "ओह," म्हणाला. मग "थँक्स, मारिट," म्हणून ट्रे घेतला आणि दार असं झटकन लावलं की घरातली ऊब पळून जाते की काय. शून्याखाली वीस आहे, बरोबरच आहे त्याचं.

उरलेली बाबांना वाढली. बाबा ऐंशीचे आहेत आणि ऐंशी वर्षांत मिळून एखाद्या सभेचं भाषण होईल एवढं बोलले असतील. दोनदा घेतली. मग भांडं वर उचलून तळाशी पाहिलं, नाव नव्हतं.

"कुणाची?"

"माझी. निम्मी जोलीनकडे दिली."

"हं," म्हणाले. खिडकीतून बर्फाकडे पाहिलं. "आर्लिस असती तर..."

"तर काय, बाबा?"

"उद्या वारा सुटेल," म्हणाले.

३ फेब्रुवारी, सोमवार

शंभरापैकी सत्तरच्या वर हॉटडिश कबूल झाल्या! आमच्या साप्ताहिकात माझं जे सदर येतं त्यात मी यावर लिहिलं, आणि ज्या बायकांची मी वर्षभर टर उडवते त्या फोन करून विचारताहेत, माझी बटाट्याची चालेल की मक्याची आणू? एका कॅथलिक बाईनेसुद्धा गुपचूप विचारलं. तिलाही घेतली. माझी छाती अशी फुगली आहे की कोटाची वरची गुंडी लागत नाही.

जोलीनकडे जाऊन आले. फार वाळली आहे. नाकातोंडावरून मफलर गुंडाळून बसली होती, घरातच. केमोने थंडी वाजते म्हणतात. डोक्यावरही परिणाम होत असावा, कारण अशा हवेत तिने स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी ठेवली होती. मी लावून घेतली. तिने डोळे मिटून घेतले. बरं वाटलं असणार. मी टर्कीच्या हॉटडिशवरचं झाकण काढून तिच्या नाकाशी धरलं, म्हटलं, वास तरी घे. तेवढ्यात ती बाथरूमकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. मी कर्टशी गप्पा मारल्या.

कर्ट मात्र सुटलाय. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय त्याने. दुःख माणसामाणसाला वेगवेगळं लागतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात कर्ट भेटला. जोलीनचं वजन पुन्हा उतरलं. डॉक्टर म्हणतात, आणखी उतरलं तर पुढचा डोस देणार नाहीत, अंगात ताकद येईपर्यंत थांबवतील. आणि थांबवलं तर त्या गाठीला काय कळतं थांबायचं? तो दुधाच्या कपाटाचं दार उघडं धरून उभा होता आणि दूध काही घेत नव्हता.

घरी येईपर्यंत माझा निर्णय झाला होता. रोज एक पुरत नाही. रोज दोन.

बर्नडीनला सांगायला गेले. ती कांदा चिरत होती, तिने सुरी खाली ठेवली.

"मारिट, तू एकदा त्यांच्या मागच्या दाराने जाऊन ये."

"मागच्या दाराने का म्हणून? मी काय चोर आहे?"

"तुझी आई मागच्या दाराने जायची," ती म्हणाली.

पुन्हा तेच! माणूस मेला तरी टोमणा मरत नाही. मी म्हटलं, "आईचं मागचं दार तुम्ही सगळ्यांनी फार लक्षात ठेवलंय, मी तिला पुढच्या दाराने नेणार आहे," आणि निघाले. वाक्य झकास जमलं होतं. गाडीत बसून पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हात अजून बर्फासारखे आहेत पण आज लिहायलाच हवं.

दुपारी दोन ट्रे घेऊन गेले. पुढच्या पायऱ्यांवर पाणी गोठून काच झाली होती, पाय ठेवता येईना. म्हणून घराला वळसा घालून गॅरेजच्या दाराने शिरले. ते मागचंच दार.

आत कर्ट उभा होता. जाड कोट, कानटोपी, हातमोजा एकाच हातात. दुसऱ्या हातात काटा. समोर हत्यारांच्या टेबलावर ट्रे, आणि तो त्यातली गार हॉटडिश उभ्याने खात होता. त्याच्यामागे फळ्यांवर, लाकडांच्या ढिगावर, बर्फावर चालवायच्या स्नोमोबिलच्या सीटवर, जिथे म्हणून जागा होती तिथे ट्रे. दगडासारखे गोठलेले. सगळं गाव तिथे एका ओळीत मांडलेलं, आणि मध्ये माझा पहिला टूना. वेफर्ससुद्धा जागचे हललेले नव्हते.

तो एखाद्या पोरासारखा पकडला गेला. मीही.

"घरात नेता येत नाही," तो म्हणाला. "वास आला की तिला दिवसभर उलट्या होतात. मग पाणीसुद्धा राहत नाही पोटात."

"मग सांगितलं का नाही?"

"चारदा सांगितलं ना तिने तुला."

मी ट्रे कुठे ठेवावे ते बघत होते. जागाच नव्हती.

"मी संपवायचा प्रयत्न करतोय," तो म्हणाला. "ट्रे परत करावे लागतात. भरलेला कसा परत करणार? आणि फेकवत नाही, मारिट. लोकांनी केलेलं असतं." मग तो खाली बघून बोलला. "माझी आई आजारी होती तेव्हा आर्लिस यायची. इथूनच. सगळं उचलून न्यायची, खिडक्या उघडायची, आणि ट्रे धुऊन ज्याचे त्याला पोचवायची, फार आवडली म्हणून सांगायची. पहिल्या दिवशी तू दारात दिसलीस तेव्हा मला वाटलं, चला, आली एकदाची आर्लिसची मुलगी. पण तुझ्या हातात ट्रे होता."

मी ज्या खिडकीला कडी घातली होती ती माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि आणखीही एक गोष्ट आली, झाकण काढून नाकाशी धरलेली. ती लिहवत नाही.

घरी आले. बाबा खुर्चीत.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं जेवलोय मी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस." मग मला वाटलं संपलं, तर ते पुढे बोलले, आणि एवढं सलग मी त्यांना बोलताना ऐकलेलं नाही. "लोकांना तीनदा नको ऐकायची सवय. तिला पहिलंच ऐकू यायचं."

"पण लोक तिला काय काय म्हणायचे. तिने एकदा सांगून टाकलं असतं..."

"आजारी बाईने गावाचं अन्न टाकलं, असं झालं असतं. आर्लिस हावरट आहे, हे त्यापेक्षा बरं, म्हणायची. हावरट माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही."

बाबांनी उठून बूट घातले. मासेमारीला बर्फावरून सामान ओढायची त्यांची लांब घसरगाडी आहे, ती त्यांनी ट्रकमध्ये टाकली आणि म्हणाले, "चल. मला भूक लागलीय."

काय दुपार होती! मी ट्रे रचते आहे, कर्ट देतो आहे, बाबा दोरी ओढताहेत, आणि आम्ही तिघं बँक लुटल्यासारखे कुजबुजत हसतो आहोत. चार खेपा झाल्या. जाताना मी आत गेले आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली. बोटभर नाही, सताड.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुढच्या दाराने येणं बंद करता येत नाही. मी सांगितलं की "पुरे", तर उद्या अख्खं गाव विचारेल, का, आमची आवडली नाही का? म्हणून गाडी दोन्हीकडून चालू आहे. ते पुढून आणतात, मी मागून नेते. बाबा रात्री दोनदा, सकाळी एकदा घेतात. मीही खाते. एक कळलं ते असं की आमच्या गावाला स्वयंपाक येत नाही. चाळीस वर्षं या माणसाने तक्रारीचा एक शब्द काढला नाही, आणि मी समजत होते की याला बोलायचंच नसतं.

आज जोलीनपाशी बसले. मफलर गळ्यात होता, नाकावर नव्हता. मी विचारलं, टोस्ट करू का?

"नको."

माझ्या जिभेवर दुसरा प्रश्न येऊन उभा होता. लोणी लावून देऊ? नुसता देऊ? अर्धा? आयुष्यभराची सवय. मी दातांखाली दाबला.

"बरं," म्हटलं.

आणि बसून राहिले. याहून अवघड काम मी केलेलं नाही, घटस्फोट धरून. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुठल्या तरी परक्या भाषेत बोलले आणि तिला ती येत होती. बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं. आम्ही शाळेतल्या गणिताच्या मास्तरांबद्दल वाईटसाईट बोललो. बराच वेळ गेला, आणि जोलीन स्वतःहून म्हणाली, "डब्यातली नाशपाती असेल का गं? गार?"

मी जेवढ्या वेगाने तळघरात उतरले तेवढ्या वेगाने या वयात उतरू नये. गार पदार्थाला वास नसतो. अर्ध्या फोडी खाल्ल्या. पोटात राहिल्या. मी गाडीत येऊन एकटीच स्टिअरिंगवर थापा मारल्या.

२ मार्च, रविवार

दोन बातम्या.

पहिली: वजन टिकलं. किंचित चढलंसुद्धा. बुधवारी डोस दिला त्यांनी! कर्टने फोनवर सांगितलं, आणि मी त्याच्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं.

दुसरी: मला कुणीतरी पाहिलं. आज कॉफीच्या वेळी ट्रेची मालकीण असलेल्या एका बाईने गोड आवाजात विचारलं, "मारिट, मंगळवारी तुझ्या मागच्या सीटवर माझा ट्रे होता का गं? मी तर तो जोलीनला दिला होता." आसपासचे चार कप हवेत थांबले.

माझी जीभ या जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. एका वाक्यात मी त्या बाईला, तिच्या ट्रेला आणि सगळ्या तळघराला गप्प करू शकले असते. आणि त्याच वाक्याने आईचं नावही धुतलं गेलं असतं, ज्यासाठी हा सगळा घाट घातला. पुढच्या रविवारच्या भाषणात मी तेच लिहून ठेवलंय. आर्लिस अन्न उचलायची ती का, हे सविस्तर. फार सुंदर उतरलंय, वाचताना मलाच रडू आलं.

पण जोलीन तिथे समोर बसलेली असेल. आणि उद्या आणखी कुणाच्या घरी गाठ निघाली तर ती बाई मला मागच्या दाराने आत घेईल का, सगळ्या गावाला त्या दाराचा पत्ता सांगितल्यावर?

"हो, होता," मी त्या बाईला म्हटलं. "फारच छान झाली होती. मला राहवलं नाही."

९ मार्च, रविवार

एकशे चार! कॅथलिकांच्या चार धरून. तळघरातली टेबलं कमी पडली, रविवारच्या शाळेची बाकडी आणली, तीही भरली. वाफेने खिडक्या पांढऱ्या झाल्या. कॅथलिकांचे पाद्रीबुवा "सहज" डोकावले आणि तीन ट्रेमधून घेऊन खाल्लं.

जोलीन आली होती. दाराजवळच्या, गार वाऱ्याच्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची तिथे कुणी ठेवली ते मला माहीत नाही. मी ठेवली नव्हती.

भाषणाला उभी राहिले. लिहिलेलं खिशात होतं, ते खिशातच राहिलं. मी जोलीनकडे पाहिलं आणि म्हटलं, "माझ्या आईने उभ्या आयुष्यात या गावातली एकही हॉटडिश वाया जाऊ दिली नाही."

सगळे हसले. चांगलं, मोकळं हसले. आर्लिसचा हावरटपणा तिच्या मुलीनेच मान्य केला म्हटल्यावर हसायला कुणाची हरकत? पण त्या हसण्यात मागून एक दुसरं हसू आलं, उशिरा, थोडं ओलं. मी मान वर करून पाहिलं. खिडकीपाशी एक जण, पियानोपाशी दोघी, केस पुन्हा आलेले एक आजोबा. कर्ट. जोलीन. सगळ्यांना मी ओळखते, कोण कधी आजारी होतं तेही मला माहीत आहे. ते एकमेकांकडे बघत नव्हते. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याला एकट्यालाच कळलं.

आणि बर्नडीनने नाक शिंकरलं. सर्दी नव्हती तिला.

नंतर स्वयंपाकघरात ती धूत होती, मी पुसत होते. आत येऊ दिलं हेच मोठं. पाण्याचा नळ मोठा करून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये, ती बोलली.

"तू तेव्हा कॉलेजात होतीस. माझ्या घरातून तिने माझ्या सख्ख्या बहिणीचा ट्रे उचलला. बहीण तिच्याशी नंतर कधी धड बोलली नाही. आर्लिसने मला ते एकदाही ऐकवलं नाही."

"ऑक्टोबरात बटाट्याचं सॅलड वाढताना तू जे बोललीस," मी म्हटलं, "ते मला टोमणा वाटला होता."

"मग काय म्हणायला हवं होतं मी? यापेक्षा मोठं काय म्हणता येतं, ते सांग." नळ बंद केला, हात पुसले, झाकलेला एक ट्रे उचलून माझ्या हातात दिला. तिचा स्वतःचा, खाली चिकटपट्टीवर नाव. "हा जोलीनकडे पोचव. मी दिला पाहिजे, लोक बघतात."

"पोचवते."

"आणि?"

"आणि घेऊन येते."

"ट्रे गुरुवारपर्यंत हवाय," ती म्हणाली.

ट्रे घेऊन वर आले. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी दोघी उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ. एक म्हणत होती, "रिकाम्या हातांनी जाते आणि भरल्या हातांनी येते. आईवर गेलीय." दुसरी म्हणाली, "अगदी."

मी त्यांच्या मधून माझा कोट काढून घेतला, दोघींना नमस्कार केला आणि बाहेर पडले. पायऱ्यांवरचा बर्फ वितळायला लागला होता. मला धावावंसं वाटत होतं, पण हातात ट्रे होता.

घरी बाबांना सांगितलं, लोक काय म्हणतात ते, शब्दाला शब्द. ते बर्नडीनची हॉटडिश दुसऱ्यांदा वाढून घेत होते. काटा थांबला. माझ्याकडे नीट बघून घेतलं त्यांनी.

"वाईट नाही," म्हणाले.